बर्फाचं ओझं उतरलं की ज्वालामुखी आणि भ्रंश काय करतात: कागदावर हिशोब मांडायची पद्धत

आइसलँडमध्ये कुठे उद्रेक झाला की लगेच विचारलं जातं: हा बर्फ वितळल्यामुळे झाला का? अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली ज्वालामुखी सापडले की उलटा प्रश्न येतो: मग बर्फ त्यांच्यामुळेच वितळतोय का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं मतांवर सोडायची गरज नाही. कॅल्क्युलेटर, आलेखाचा कागद आणि बारावीचं भौतिकशास्त्र एवढ्यावर हिशोब मांडता येतो, आणि दाव्याचा आकडा दहापट चुकलाय की दोनपट, हे तासाभरात कळतं. भूगोल-भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तर तो एकदा हाताने करायलाच हवा, कारण तयार मॉडेलमध्ये चूक कुठे शिरते ते हाताने केल्याशिवाय दिसत नाही. खालची उदाहरणं मुख्यतः आइसलँडची आहेत, कारण मोजमापं तिथे सर्वांत दाट आहेत. पश्चिम अंटार्क्टिका शेवटी येतो.

सुरुवातीला खोली आणि काळ ठरवा

कागदावर तीन ओळी आखा. पहिली प्रावरणाची, म्हणजे कवचाखालच्या गरम खडकाच्या थराची, साधारण ३० ते १०० किमी खोल. इथे खडक अंशतः वितळलेला असतो आणि नवा शिलारस तयार होतो. दुसरी शिलारसाच्या कोठ्याची, २ ते १० किमी. इथे शिलारस आधीपासून साठलेला असतो, फक्त छत फुटायचा अवकाश असतो. तिसरी भ्रंशांची, म्हणजे ज्यांच्यावरून खडक सरकतो त्या भेगांची, पृष्ठभागापासून १५-२० किमीपर्यंत. बर्फ उतरल्याचा परिणाम तिन्हीकडे होतो, पण प्रावरणातला परिणाम वर दिसायला शतकं लागतात, कोठ्यातला काही तासांतही दिसू शकतो, आणि भ्रंशांचं वेळापत्रक जमिनीखालचा खडक किती मऊ आहे यावर ठरतं. बातम्यांमधले बहुतेक घोटाळे या तीन ओळी एकमेकींत मिसळल्याने होतात.

भार मोजा

हिमनदीच्या बर्फाची घनता ९१७ किलो प्रति घनमीटर धरा. गुणिले ९.८१, गुणिले जाडी. १ मीटर बर्फ म्हणजे ९ किलोपास्कल, १०० मीटर म्हणजे ०.९ मेगापास्कल, १ किमी म्हणजे ९ मेगापास्कल. हे आकडे पाठच करा, पुढे सतत लागतील.

इथली नेहमीची चूक म्हणजे ताज्या हिमाची उंची बर्फ म्हणून धरणं. हंगामी हिमाची घनता ३०० ते ५०० असते, त्यामुळे सहा मीटर हिम म्हणजे सहा मीटर बर्फ नव्हे. उपग्रहाने मोजलेली उंचीतली घट वापरत असाल, तर ती बर्फाची आहे की वरच्या सैल थराच्या दबण्याची, हे आधी पाहा. दबण्याने उंची कमी होते, वजन तेवढंच राहतं.

तो भार खाली किती पोचतो

पृष्ठभागावरून ९ मेगापास्कल उतरले म्हणजे ५० किमी खाली ९ मेगापास्कल उतरत नाहीत. भार जितका अरुंद, तितका तो खोलीबरोबर लवकर विरतो. गोल हिमटोपी धरून तिच्या मध्याखालचा सरासरी दाब असा काढा:

खोलीवरचा वाटा = १ − १ ÷ वर्गमूळ(१ + (त्रिज्या ÷ खोली)चा वर्ग)

५० किमी त्रिज्येच्या हिमटोपीसाठी, म्हणजे साधारण आजच्या वात्नायोकुल्लसाठी (आइसलँडची सर्वांत मोठी हिमटोपी), २० किमी खोलीवर ०.६३, ५० किमीवर ०.२९ आणि १०० किमीवर ०.११ येतं. शेवटच्या हिमयुगात अख्खं आइसलँड झाकणाऱ्या १८० किमी त्रिज्येच्या हिमस्तरासाठी ५० किमीवर ०.७३ आणि १०० किमीवर ०.५१. त्रिज्या साडेतीन-चारपट झाली तर १०० किमीवरचा परिणाम जवळपास पाचपट होतो. म्हणूनच एखाद्या डोंगरावरची छोटी हिमटोपी नाहीशी झाली तरी प्रावरणाला त्याचा पत्ताही लागत नाही. आइसलँडच्या एय्याफ्यात्लायोकुल्ल या ज्वालामुखीवरची हिमटोपी ८० चौरस किमीच्या आसपास आहे, म्हणजे त्रिज्या जेमतेम ५ किमी. हे सूत्रात घालून पाहा: ५० किमीवर अर्धा टक्कासुद्धा उरत नाही. त्याच्या २०१० च्या उद्रेकाचं खापर बर्फ वितळण्याने तयार झालेल्या नव्या शिलारसावर फोडणाऱ्यांनी एवढा एक भागाकार करायला हवा होता.

सूत्राची मर्यादाही लक्षात ठेवा. ते एकसारख्या, आकारमान न बदलणाऱ्या माध्यमासाठी आहे आणि फक्त मध्याखाली लागू होतं. कडेकडे वाटा कमी होतो.

नवा शिलारस किती

प्रावरणातला खडक तापमान वाढल्याने जसा वितळतो, तसाच दाब कमी झाल्यानेही वितळतो. आइसलँडखाली दुसरं कारण चालतं. दोन भूपट्ट वर्षाला सुमारे १९ मिमीने दूर सरकतात, त्या फटीत खालचा खडक वर येतो आणि वर येताना वितळतो. दाबात १ गिगापास्कल घट झाली की सुमारे १० टक्के खडक वितळतो, असं ढोबळ प्रमाण धरा.

आता दोन वेग शेजारी ठेवा. भूपट्टांच्या सरकण्यामुळे प्रावरण वर्षाला साधारण १० मिमी वर येतं. ३३०० किलो घनता धरली तर दाब वर्षाला ३३०० × ९.८१ × ०.०१, म्हणजे सुमारे ३२० पास्कलने उतरतो. हिमयुगाच्या शेवटी २ किमी जाडीचा बर्फ १००० वर्षांत गेला असं धरा. पृष्ठभागावर वर्षाला १८ किलोपास्कल उतरले. वितळणाऱ्या पट्ट्यापर्यंत सरासरी ०.६ वाटा पोचला, म्हणजे सुमारे ११ किलोपास्कल. ११,००० भागिले ३२० म्हणजे ३४. शिलारस तयार होण्याचा वेग तीस-पस्तीस पट झाला.

१९९६ साली ज्यूल आणि मॅकेन्झी यांनी पूर्ण मॉडेल करून हाच आकडा सुमारे ३० पट काढला होता. आइसलँडच्या उत्तर भागातल्या लाव्हांची वयं आणि आकारमानं मोजल्यावरही हिमयुग संपल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन हजार वर्षांत उद्रेकांचं प्रमाण आजच्या तुलनेत तीस पट आणि त्याहूनही जास्त असल्याचं दिसलं. हाताने केलेला तीन ओळींचा हिशोब प्रत्यक्ष खडकांशी इतका जुळावा, असं भूशास्त्रात फार थोड्या ठिकाणी घडतं.

आजचा हिशोब मात्र इतका सरळ जुळत नाही, आणि तो का जुळत नाही हे पाहण्यासारखं आहे. १८९० ते २००३ या काळात वात्नायोकुल्लने सुमारे ४३५ घनकिमी बर्फ गमावला. क्षेत्रफळ ८००० चौरस किमी धरलं तर सरासरी ५४ मीटर, म्हणजे वर्षाला जवळपास अर्धा मीटर, म्हणजे वर्षाला साडेचार किलोपास्कल. ५० किमी त्रिज्येखाली ३० ते १०० किमी खोलीचा दंडगोल घ्या: सुमारे ५,५०,००० घनकिमी. कडेचा भाग धरून सरासरी वाटा ०.१५ घ्या. गुणाकार असा होतो:

५,५०,००० × ०.१५ × ०.००००४५ गिगापास्कलचा दहावा भाग × ०.१

मधला तो आकडा मुद्दाम असा लिहिलाय, कारण नेमकी इथेच शून्यं हरवतात. ४.५ किलोपास्कल म्हणजे ०.००००४५ गिगापास्कल नव्हे, तर ०.०००००४५. किलोवरून गिगावर जाताना दहा लाखांनी भागायचं असतं. बरोबर केलं तर उत्तर वर्षाला ०.०३७ घनकिमी येतं.

पाल्यी आणि सिग्मुंड्सन यांनी २००८ मध्ये पूर्ण मॉडेलने काढलेला आकडा ०.०१४ घनकिमी आहे. आपला हिशोब दोन-अडीच पट जास्त आला. पहिलं कारण असं की दंडगोलातला सगळा खडक वितळण्याच्या अवस्थेत नसतो. वितळणारा पट्टा वर अरुंद आणि खाली रुंद असतो, आणि दाबाचा जास्त वाटा नेमका वरच्या अरुंद भागात असतो. दुसरं, बर्फ सगळीकडे सारखा पातळ झालेला नाही. कडेच्या हिमनद्या जास्त झिजल्या, मध्य कमी. तिसरं, १० टक्के हे प्रमाण सर्व खोल्यांवर सारखं नसतं. एवढ्या सरलीकरणातून दोन-अडीच पटीचा फरक पडणं स्वाभाविक आहे. दहापट पडला असता तर एकक तपासायला हवं होतं.

०.०१४ घनकिमी म्हणजे किती? वात्नायोकुल्लच्या बर्फाखाली झालेल्या १९९६ च्या ग्याल्प उद्रेकात घन खडकाच्या हिशोबाने सुमारे ०.४५ घनकिमी शिलारस आला. म्हणजे बर्फ वितळण्यामुळे दर तीसेक वर्षांत एका ग्याल्पएवढा जादा शिलारस तयार होतोय. तयार होतोय, बाहेर पडतोय असं नाही. मोठा वाटा कवचातच गोठून राहतो.

किती वर्षांनी

शिलारस वर चढण्याचा वेग वर्षाला निदान ५० मीटर असावा, असा अंदाज त्याच हिमयुगानंतरच्या लाव्हांवरून बांधला गेलाय. ५० किमी भागिले ५० मीटर म्हणजे १००० वर्षं. वेग दुप्पट धरला तरी ५०० वर्षं. तेव्हा आज वितळणाऱ्या बर्फाचा प्रावरणातला हिशोब आजच्या उद्रेकात शोधू नका. रेक्यानेस द्वीपकल्पावर २०२१ पासून सुरू झालेले उद्रेक तर या यादीत येतच नाहीत. तिथे मोठी हिमटोपीच नाही, आणि सुमारे ८०० वर्षांच्या शांततेनंतर भूपट्ट फाकण्याचं तिथलं स्वतःचं चक्र पुन्हा सुरू झालं आहे.

जमीन किती वर येतेय, आणि त्यातून काय वाचायचं

प्रावरण मळलेल्या कणकेसारखं वागतं: झटकन दाबलं तर परत उसळतं, दाबून धरलं तर वाहतं. या दोन वागण्यांमधली सीमा काढायला श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, भागिले ताठरपणा करा. ताठरपणा ७ गुणिले १० चा १० वा घात पास्कल धरा. आइसलँडखाली श्यानता १० चा १८ ते १९ वा घात पास्कल-सेकंद आहे, म्हणजे सीमा काही महिने ते साडेचार वर्षं. जुन्या, थंड खंडाखाली ती १० चा २१ वा घात असते, म्हणजे सीमा साडेचारशे वर्षं.

हा शंभर ते हजारपटीचा फरक अंटार्क्टिकाचे दोन भाग करतो. पश्चिमेला आमुंडसेन समुद्राच्या काठावर खडक वर्षाला ४१ मिमीपर्यंत वर येताना मोजला गेलाय, आणि त्यावरून तिथली श्यानता ४ गुणिले १० चा १८ वा घात निघाली. म्हणजे तिथली जमीन आपल्या हयातीत झालेल्या वितळण्याला उत्तर देतेय. भारताची मैत्री आणि भारती ही केंद्रं पूर्व अंटार्क्टिकाच्या जुन्या, कठीण खडकावर आहेत. पश्चिमेचे आकडे तिथे लावले तर हिशोब पार चुकेल.

जीपीएसच्या नोंदी वापरणार असाल तर उभा घटक घ्या आणि किमान पाच-सहा वर्षांची मालिका घ्या. आइसलँडच्या मध्यभागी हिवाळी हिमामुळे जमीन दरवर्षी एक-दीड सेंटीमीटर खाली-वर होते. दोन वर्षांच्या नोंदीत हे हेलकावेच कल म्हणून दिसतात. वार्षिक लाट वजा करा, मग सरळ रेषा बसवा. वात्नायोकुल्लच्या आसपास वर्षाला ३ सेंटीमीटरच्या घरात उचल मिळेल. केंद्र ज्वालामुखीच्या अगदी जवळ असेल तर त्या उचलीत कोठा फुगण्याचाही वाटा असतो. तो वेगळा ओळखायची खूण अशी: बर्फामुळे होणारी उचल पन्नास-शंभर किमी पसरते आणि वर्षानुवर्षं जवळपास सारखी राहते. कोठ्याची उचल दहा-पंधरा किमीत संपते, उद्रेकात एकदम खाली बसते आणि पुन्हा सुरू होते.

भ्रंशांचा हिशोब

भ्रंश सरकायला दोन गोष्टी कारणीभूत होतात: त्याच्या पृष्ठाला समांतर ओढ वाढणं, किंवा त्याला मिटून धरणारा दाब कमी होणं. बदल असा मोजा:

एकूण बदल = समांतर ओढीतली वाढ + ०.४ × मिटवणाऱ्या दाबातली घट

उत्तर धन असेल तर भ्रंश तुटण्याच्या जवळ गेला. १० किलोपास्कलच्या बदलाचा परिणाम भूकंपांच्या नोंदीत दिसू लागतो, असं सर्वसाधारणपणे धरलं जातं.

१ किमी बर्फ उतरवा आणि फक्त उभा ताण ९ मेगापास्कलने कमी झाला असं धरा. ३० अंश कललेल्या, दाबणुकीच्या भागातल्या भ्रंशावर समांतर ओढ ३.९ ने वाढते, मिटवणारा दाब ६.७५ ने घटतो. ३.९ + २.७ म्हणजे ६.६ मेगापास्कल, धन. ६० अंश कललेल्या, फाकणीच्या भागातल्या भ्रंशावर ओढ ३.९ ने कमी होते आणि दाब २.२५ ने. −३.९ + ०.९ म्हणजे −३. तोच बर्फ गेला, पण एक भ्रंश तुटण्याकडे सरकला आणि दुसरा त्यापासून लांब.

पहिल्या प्रकाराचा पुरावा स्वीडनच्या उत्तरेला उघड्यावर पडलाय. पारवी भ्रंशाची कड सुमारे १५५ किमी लांब आहे, काही ठिकाणी १० मीटर आणि त्याहून उंच. हिमस्तर मागे हटत असताना, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, ती तयार झाली. भूकंपाची तीव्रता ८ च्या आसपास असावी. आज हा भाग भूपट्टांच्या सीमेपासून दूर आणि बऱ्यापैकी शांत आहे. बर्फ असताना हजारो वर्षं उभा भार भ्रंशाला मिटून धरत होता आणि आडवी दाबणूक साठत होती. भार लवकर गेला, आडवा ताण मागे राहिला.

दुसऱ्या प्रकारात मात्र आपला साधा हिशोब फसतो. फाकणीच्या प्रदेशातही बर्फ गेल्यावर भ्रंश जास्त सरकल्याचे पुरावे आहेत, मग −३ कसं? कारण आपण कवच वाकतं हे धरलंच नाही. भाराखाली कवच खोलगट वाकतं, त्याच्या वरच्या भागात आडवी दाबणूक येते आणि फाकणारे भ्रंश अडून राहतात. भार उतरला की ती दाबणूक सुटते आणि साठलेली फाकणी मोकळी होते. म्हणून अशा प्रदेशात फक्त उभा भार घेऊन काढलेलं चिन्ह कधीही अंतिम मानू नका, वाकण्याचा हिशोब त्यात मिळवा. दाबणुकीच्या बाजूचा ६.६ हा आकडाही कमाल समजा, कारण बर्फाबरोबर आडवा ताणही थोडा उतरतोच.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे कोयना आठवेल, आणि ते योग्यच आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप हे पृष्ठभागावरच्या भाराशी जोडलेल्या भूकंपांचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण आहे. १०० मीटर पाणी म्हणजे तळावर जवळपास १ मेगापास्कल, साधारण ११० मीटर बर्फाएवढं. पण कोयनेत नुसत्या वजनापेक्षा भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब जास्त महत्त्वाचा मानला जातो, कारण तो भ्रंशाला मिटून धरणारा दाब आतून कमी करतो. हिमस्तराच्या तळाशीही पाणी असतं, आणि ते जवळपास बर्फाच्या पूर्ण वजनाएवढ्या दाबाखाली असतं. ध्रुवीय भ्रंशांच्या हिशोबात पाण्याच्या दाबाचं हे पद बरेचदा गाळलं जातं. गाळू नका.

उथळ कोठा: तासांचा खेळ

वात्नायोकुल्लच्या मध्यावर ग्रिम्सव्होत्न हा ज्वालामुखी आहे. बर्फाखालच्या त्याच्या तळ्यात उष्णतेने वितळलेलं पाणी साठतं आणि अधूनमधून बर्फाच्या तळाखालून वाट काढून समुद्राकडे धावतं. या हिमपुराला आइसलँडमध्ये योकुल्लहलाउप म्हणतात. पाण्याची पातळी २० मीटर उतरली की कोठ्याच्या छतावरून ०.२ मेगापास्कल उतरतात. १९२२, १९३४ आणि २००४ मध्ये असा पूर आला आणि त्याच्या मागोमाग उद्रेक झाला.

पण २०१० च्या नोव्हेंबरात पूर आला आणि उद्रेक झाला नाही. तो झाला मे २०११ मध्ये, आणि फार मोठा झाला. २०२१ च्या डिसेंबरातही पूर आला आणि ज्वालामुखी गप्प राहिला. खडक फुटायला काही मेगापास्कल लागतात, ०.२ ने फक्त शेवटचा धक्का मिळतो. कोठा आधीच काठोकाठ भरलेला असेल तरच तो पुरतो. म्हणून ग्रिम्सव्होत्नची नोंद पाहताना आधी हे पाहा की मागच्या उद्रेकापूर्वी जमीन जेवढी फुगली होती तेवढी आत्ता फुगलीय का. ती पातळी गाठली असेल तर पुराची बातमी गंभीरपणे घ्या.

आइसलँडच्याच कात्ला या बर्फाखालच्या ज्वालामुखीबाबतही असंच. तारीख माहीत असलेले तिचे उद्रेक मे ते नोव्हेंबर या महिन्यांत झालेले दिसतात. शेवटचा मोठा उद्रेक १२ ऑक्टोबर १९१८ चा. उन्हाळ्यात ३ मीटर पाण्याएवढं हिम उतरलं तर ३० किलोपास्कल उतरतात. हा धक्का हंगामाकडे झुकाव आणण्यापुरता आहे, वर्ष ठरवण्यापुरता नाही.

उलट दिशा: उष्णता बर्फाचं काय करते

१२०० अंशांचा १ किलो शिलारस शून्य अंशापर्यंत निवताना सुमारे १.३ मेगाज्यूल उष्णता देतो. १ किलो बर्फ वितळायला ०.३३४ मेगाज्यूल लागतात. म्हणजे १ किलोमागे ४ किलो बर्फ, आणि घनता धरून १ घनमीटर शिलारसामागे ११-१२ घनमीटर बर्फ. हे कमाल झालं. काही उष्णता पाणी तापवण्यात जाते, काही ढिगाऱ्यात अडकून राहते. ०.६ ते ०.८ ने गुणा.

ग्याल्पवर पडताळून पाहा. ०.४५ × ११ म्हणजे ५, आणि ०.६ ते ०.८ ने गुणून ३ ते ४ घनकिमी. प्रत्यक्षात १३ दिवसांच्या उद्रेकात सुमारे ३ घनकिमी आणि पुढच्या काही आठवड्यांत धरून सुमारे ४ घनकिमी बर्फ वितळला. ३० सप्टेंबर १९९६ च्या रात्री उद्रेक सुरू झाला, त्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या बाउरदारबुंगा ज्वालामुखीवर ५ च्या वरच्या तीव्रतेचा भूकंप झाला होता. ५०० मीटरपेक्षा जाड बर्फ तीसेक तासांत भेदून वाफ आणि राख बाहेर आली. पाणी मात्र लगेच आलं नाही. ते ग्रिम्सव्होत्नच्या तळ्यात पाच आठवडे साठलं आणि ५ नोव्हेंबरला सुटलं: ३ घनकिमीहून जास्त, म्हणजे कोयनेचा जलाशय काठोकाठ भरल्यावर असतो त्याहून अधिक पाणी, दोनेक दिवसांत, आणि ऐन भरात सेकंदाला ४५ ते ५० हजार घनमीटर. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरचा एक पूल गेला आणि दुसरा मोडला. रस्ता आधीच बंद केलेला असल्याने कोणी दगावलं नाही.

पाणी कुठे जाईल हे ठरवताना तळाच्या उतारावर विसंबू नका. बर्फाखालचं पाणी मुख्यतः बर्फाच्या पृष्ठभागाचा उतार मानतं. ९१७ भागिले ८३ (पाण्याच्या १००० मधून बर्फाचे ९१७ वजा), म्हणजे तळाचा उलटा चढ पृष्ठभागाच्या उताराच्या ११ पटीहून जास्त असेल तरच तो पाण्याला अडवू शकतो. ग्याल्पचं पाणी दक्षिणेला जाऊन ग्रिम्सव्होत्नमध्ये पडणार हे उद्रेकाच्या पहिल्या दिवसांतच सांगता आलं ते यामुळेच. उद्रेकाने वर खळगा पडला की पृष्ठभागाचा उतार बदलतो, म्हणून हा नकाशा दर काही दिवसांनी नव्याने काढावा लागतो.

पश्चिम अंटार्क्टिका

इथे २०१७ मध्ये बर्फाखालच्या तळाच्या नकाशावरून १३८ ज्वालामुखी शंकू ओळखले गेले, त्यातले ९१ नवे. हे आकारावरून ओळखलेले आहेत. किती जिवंत आहेत, हे आकार सांगत नाही. जिवंतपणाचे पुरावे वेगळे आहेत: एरेबस ज्वालामुखीतलं लाव्हाचं तळं, हडसन पर्वतरांगेजवळ रडारला बर्फात सापडलेला सुमारे २२०० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाचा राखेचा थर, आणि मेरी बर्ड लँडमध्ये २०१०-११ साली २५ ते ४० किमी खोलीवर नोंदलेले, शिलारसाच्या हालचालीशी जोडले जाणारे मंद कंप.

मग बर्फ खालून वितळतोय का? हिशोब मांडा. चौरस मीटरमागे १०० मिलिवॉट उष्णता वर्षभर आली आणि सगळी बर्फ वितळण्यात गेली, तर वर्षाला १० मिमी बर्फ वितळतो. व्हिलन्स हिमप्रवाहाखाली छिद्र पाडून प्रत्यक्ष मोजलेला आकडा सुमारे २८५ मिलिवॉट आहे, म्हणजे वर्षाला सुमारे २९ मिमी. शेकडो मीटर जाडीच्या बर्फाला एवढ्याने काही होत नाही. थ्वेट्स आणि पाइन आयलंड हिमनद्यांचं झिजणं तरंगत्या भागाखाली शिरणाऱ्या तुलनेने उबदार समुद्रजलामुळे चाललंय, आणि तिथे वितळण्याचा वेग वर्षाला मीटरांत आणि दहा-दहा मीटरांत मोजला जातो. फरक काही दशपटींपासून हजारपटीपर्यंत जातो. पाइन आयलंडजवळच्या पाण्यात २०१८ मध्ये ज्वालामुखीच्या उष्णतेची खूण सांगणारा हीलियम सापडला, तेव्हा "खरं कारण सापडलं" असं अनेकांनी लिहिलं. शोध खरा आहे, निष्कर्ष चुकीचा.

तरीही ते २९ मिमी दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. हिमप्रवाह तळाच्या पाण्यावर घसरतात, आणि काही मिमी पाणी हजारो चौरस किमीवरून गोळा होऊन एका वाटेने गेलं तर त्या वाटेवरचा बर्फ सैल होतो. तेव्हा उष्णतेचा आकडा वितळलेल्या जाडीच्या रकान्यात टाकू नका. वर सांगितलेल्या ११ पटीच्या नियमाने पाण्याची वाट काढा, आणि ती कुठल्या हिमप्रवाहाखालून जाते ते पाहा.

माहिती कुठून घ्यायची

अंटार्क्टिकातल्या बर्फाची जाडी आणि तळ यांसाठी बेडमशीन हा नकाशा, उंचीतल्या बदलासाठी आइससॅट-२ हा उपग्रह, एकूण वजनातल्या बदलासाठी गुरुत्व मोजणारे ग्रेस आणि ग्रेस-एफओ हे उपग्रह. जीपीएसच्या तयार मालिका नेवाडा जिओडेटिक लॅबोरेटरीच्या संग्रहात आहेत, आणि आइसलँडचे भूकंप तिथल्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर रोजच्या रोज दिसतात. अंटार्क्टिकाचे नकाशा-थर क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायला नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूटचं क्वांटार्क्टिका हे मोफत पॅकेज सोपं पडतं. ग्रेसचे आकडे वापरताना एक सुधारणा विसरू नका: खालचा खडक वर येण्यानेही गुरुत्व वाढतं. ती वाढ वजा केली नाही तर गेलेला बर्फ कमी भरतो, आणि ही चूक मऊ प्रावरणाच्या पश्चिम अंटार्क्टिकातच सर्वांत मोठी होते.